सांगलीत बेसबॉलचा ग्लोव्ह दुरुस्त होतो: गणपती पेठेमागच्या चपलांच्या दुकानाबद्दल

आधी पत्ता सांगते, कारण दुकानाला पाटी नाही. गणपती मंदिराकडून पेठेत शिरायचं, भांड्यांची दुकानं संपली की डाव्या हाताच्या बोळात वळायचं. पिठाच्या गिरणीला लागून एक उंबरा आहे, वर दोरीला कोल्हापुरी चपलांचे जोड लटकलेले दिसतील. तेच दुकान. आत एक मामा मांडी घालून बसलेले असतात, वय सत्तरीच्या आसपास. मुलगा चपला विकतो, मामा दुरुस्तीची कामं बघतात. मी मात्र चपला घ्यायला गेले नव्हते. माझ्या पिशवीत बेसबॉलचा फाटका ग्लोव्ह होता.

मी सांगलीतल्या एका शाळेत बावीस वर्षं क्रीडाशिक्षिका आहे. मुलांचा बेसबॉल आणि मुलींचा सॉफ्टबॉल, दोन्ही संघ माझ्याकडे. ज्यांच्या शाळेत हे खेळ आहेत त्यांना ठाऊक असेल, आपलं खरं दुखणं सामानाचं. बॅट वर्षानुवर्षं टिकते. ग्लोव्हच्या वाद्या, म्हणजे ओवलेल्या चामड्याच्या दोऱ्या, मात्र दोन पावसाळ्यांत कडक होतात आणि तिसऱ्यात तुटतात. खेळाच्या सामानाच्या दुकानात नेला की "नवीन घ्या मॅडम" हे एकच उत्तर. बरा ग्लोव्ह दोन-अडीच हजारांच्या खाली येत नाही, आणि आमच्या कपाटात सगळे मिळून अकरा ग्लोव्ह. २०१९ च्या महापुरात हे कपाट पाण्यात होतं. त्यातले चार ग्लोव्ह वाळल्यावर इतके ताठ झाले की आत बोट जाईना, शेवटी टाकून दिले. तेव्हा मामा माहीत असते तर चारही वाचले असते. म्हणून इतकं तपशिलात लिहिते आहे.

हा ग्लोव्ह फाटला कसा ते सांगायलाच हवं, कारण पुढची सगळी दुरुस्ती त्या गोष्टीला धरून आहे.

जिल्हा पातळीचा सामना, सतरा वर्षांखालील मुलं. शेवटचा डाव, आम्ही ६-५ ने पुढे, समोरचा संघ फलंदाजीला, त्यांचे दोन बाद (तिसरा बाद झाला की डाव संपतो), पहिल्या बेसवर एक धावक. बेस म्हणजे पळताना गाठायचे तीन थांबे; तिन्ही ओलांडून होमला, म्हणजे बॅटर जिथून निघतो तिथं, परत आलं की एक रन. बॅटरनं चेंडू उचलला तो आमच्या शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या, डोक्यावरून. पोरगा उंच उडाला, पण चेंडू वीतभर वर होता. त्यानं त्याच झोकात हातातला ग्लोव्ह काढून वर भिरकावला, आणि तो चेंडूला लागला! चेंडू थबकून खाली पडला. आमची पोरं आनंदानं ओरडली. पंचांनी हात वर करून तीन बोटं दाखवली.

नियम असा आहे: क्षेत्ररक्षकानं मुद्दाम ग्लोव्ह फेकला आणि तो वैध फटक्याच्या चेंडूला लागला, तर बॅटरला आणि बेसवरच्या धावकांना तीन बेस मिळतात. पहिल्या बेसवरचा धावक सरळ होमला आला, ६-६. इथवर मला ठाऊक होतं. पण ह्या नियमाला एक शेपूट आहे. चेंडू मृत होत नाही. खेळ चालूच राहतो आणि बॅटरला वाटलं तर तो स्वतःच्या जबाबदारीवर तिसऱ्या बेसवरून पुढे होमकडे पळू शकतो. आमचा लेफ्ट फिल्डर (मागे डावीकडचा क्षेत्ररक्षक) चेंडू हातात घेऊन पंचांशी वाद घालायला आत येत होता, बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे. त्यांच्या बॅटरला त्याच्या सरांनी हे शिकवलं असणार. तो थांबलाच नाही. तिसरा बेस ओलांडून होमवर आला, आणि ७-६ ने सामना गेला.

पालकांनी मला घेरलं. "ग्लोव्ह फेकला म्हणून तीन बेस? आणि वर एक रन? हा कुठला कायदा?" माझ्याकडे नियमपुस्तकाच्या प्रिंट असतात, त्यातलं कलम मी तिथंच उभ्यानं वाचून दाखवलं. राग कुणाचा गेला नाही. शॉर्टस्टॉप कोपऱ्यात बसून रडत होता. त्याच्या मांडीवर तो ग्लोव्ह, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली चामड्याची जाळी दोन ठिकाणी उसवलेली.

पुढच्या सोमवारी मी मामांच्या उंबऱ्यावर होते. आमच्या शाळेतल्या एका शिपायांनी पत्ता दिला होता.

मामांनी ग्लोव्ह हातात घेतला तो उलटा. आधी तळवा पाहिला, मग नाकाशी धरून वास घेतला. "काय हाय ह्ये बाई? ह्यात हात घालून बॉल धरत्यात व्हय?" मी हो म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा डावा हात आत घातला आणि मूठ उघडली-मिटली, दहा-बारा वेळा. मग म्हणाले, "कातडं चांगलं हाय. वाद्या मेल्यात." तुटलेली वादी त्यांनी रापीच्या टोकानं उचलून ओढली, ती सुतळीसारखी पिंजून आली. "तेल कोण देत न्हाई ह्याला. नुसतं उन्हात वाळवत्यात." हे खरं होतं. आम्ही पाऊस पडला की ग्लोव्ह गच्चीवर उन्हात टाकत होतो.

मग त्यांनी सुचवलं की उसवलेल्या जागी सुटी वादी गुंडाळत गुंडाळत खोल पिशवीसारखी जाळी विणून देतो, चपलेच्या वेणीसारखी पक्की. "बॉल एकदा आत गेला की भायेर येनार न्हाई." त्यांचे डोळे चमकत होते, कामाची कल्पना त्यांना आवडली होती. मला त्यांना थांबवावं लागलं. नियमात नेमकं हेच करायला बंदी आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यातली जागा चामड्याच्या पट्ट्यांनी भरा, वाद्यांनी ओवा, दोन पदरी चामड्यानं पूर्ण बंद करा, सगळं चालतं. पण वाद्या गुंडाळून मासे धरायच्या जाळ्यासारखा सापळा बनवायचा नाही. मापंही ठरलेली आहेत: ती जागा वरच्या बाजूला साडेचार इंचांपेक्षा रुंद नको, खोली पावणेसहा इंचांपेक्षा जास्त नको, तळाशी साडेतीन इंच. ग्लोव्हची एकूण उंची तेरा इंचांपर्यंत. ही अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची मापं. शाळेच्या सामन्यात कुणी पट्टी घेऊन उभं राहत नाही, हे मला माहीत आहे. पण मी पोरांना शिकवते तो खेळ तोच आहे आणि त्यांच्या हातातला ग्लोव्ह उद्या कुठंही मोजला तर बसायला हवा, एवढा माझा आग्रह असतो.

मामांनी हरकत घेतली नाही, त्यांना कारण हवं होतं. "जाळं नको ते का?" मी सांगितलं, हातानं झेलायचा खेळ आहे, जाळ्यानं झेलला तर झेल कुणाचा? त्यांनी मान हलवली. मग ग्लोव्ह का फेकायचा नाही तेही विचारलं. मी सामन्याची सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकून ते म्हणाले, "बरोबर हाय की. हातात हाय तोवर हात. हातातनं सुटला की धोंडा." बावीस वर्षं हा नियम मी पोरांना शिकवते आहे. कलमाचा आकडा सांगून, फळ्यावर आकृती काढून. मामांच्या या दोन वाक्यांत तो जितका स्पष्ट झाला तितका माझ्याकडून कधी झाला नव्हता. आता मी वर्गात तेच वाक्य वापरते.

त्यावर मी त्यांना ह्याच नियमाची उलटी बाजू सांगितली. चेंडू ग्लोव्हमध्ये इतका घट्ट रुतला की निघेचना, तर काय करायचं? १९९९ साली न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, ओरलँडो हर्नांडेझ याच्यावर ही वेळ आली. जमिनीवरून आलेला फटका त्यानं झेलला, चेंडू ग्लोव्हच्या जाळीत रुतून बसला. बॅटर पहिल्या बेसकडे पळतोय. हर्नांडेझनं चेंडूसकट आख्खा ग्लोव्ह काढला आणि पहिल्या बेसवरच्या आपल्या खेळाडूकडे फेकला. त्यानं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि चेंडू बॅटरच्या आधी बेसवर पोचला म्हणून पंचांनी बॅटरला बाद दिलं. टेरी मुलहॉलंड नावाच्या पिचरनं हीच गोष्ट १९८६ साली केली होती. म्हणजे चेंडूवर ग्लोव्ह फेकला तर दंड, चेंडू पोटात घेऊन ग्लोव्ह फेकला तर बाद. मामांना ह्यात काही विचित्र वाटलं नाही. "मग त्यो बॉलचा डबा झाला," म्हणाले, आणि वादी कापायला घेतली.

वादी कापणं बघण्यासारखं आहे. बाजारात तयार मिळते ती मामा वापरत नाहीत. कमावलेल्या चामड्याचा गोल तुकडा घेतात, कडेपासून आत फिरत फिरत रापी चालवतात, आणि एका तळहाताएवढ्या तुकड्यातून सलग लांब वादी निघते, कुठंही सांधा नाही. मग ती तेलाच्या बोटांतून दोनदा ओढतात. आरीनं जुनी भोकं मोकळी केली, नवं एकही पाडलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, ज्यानं ग्लोव्ह बनवला त्यानं भोकं विचार करून पाडलीत, आपण नवीन पाडलं की तिथनं फाटतंय. आपल्या भागात ही कारागिरी पिढ्यानपिढ्याची आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेलं चामडं ह्या हातांनी कापलं गेलं आहे. अमेरिकेतल्या खेळाचा ग्लोव्ह त्यांना परका का वाटावा?

रंगाची अडचण मात्र झाली. पहिल्या खेपेला त्यांनी लावलेली वादी जवळजवळ पांढरी होती, नैसर्गिक चामड्याची. दिसायला सुंदर. मामांच्या नातवानं कडेला एक लाल गोंडाही लावून ठेवला होता, चपलेला लावतात तसा. पोरांनी बघितला असता तर काढू दिला नसता. पण आमच्याकडे शॉर्टस्टॉपचा ग्लोव्ह तोच पिचरही घालतो, आणि पिचरच्या ग्लोव्हला पांढरा किंवा राखाडी रंग चालत नाही, कडेची पट्टी सोडून. वेगळ्या रंगाची वस्तूही त्याला जोडायची नाही. बाकी क्षेत्ररक्षकांनासुद्धा फार फिका ग्लोव्ह नको. कारण साधं आहे. पिचरच्या हातातून पांढरा चेंडू ज्या क्षणी सुटतो तो क्षण बॅटरला दिसला पाहिजे. मागे पांढरं चामडं हललं किंवा लाल गोंडा नाचला तर तो फसतो. मी हे सांगितल्यावर नातवाचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं, म्हणून गोंडा मी मागून घेतला, तो माझ्या किल्ल्यांना आहे. वाद्या मामांनी दुसऱ्या दिवशी गडद तपकिरी रंगवून दिल्या, रंगाचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

जाळीच्या बुडाशी दोन टाके दोऱ्याचे होते. त्यासाठी मामांनी मेण आणि राळ यांचा गोळा काढला, दोरा त्यावरून सर्र सर्र ओढला. तो वास आला आणि मी त्यांना म्हटलं, मामा, ही राळ चामड्याच्या वर राहू देऊ नका. बेसबॉलमध्ये राळेची एक पुरचुंडी पिचरच्या उंचवट्यामागे अधिकृतपणे ठेवलेली असते, घामट हाताला पकड यावी म्हणून. पण ती हातालाच लावायची. चेंडूला नाही, ग्लोव्हला नाही, कपड्यांना नाही. मामांनी चिंधीनं सगळा टाका पुसून दिला. आणि मग मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगायची संधी मिळाली.

२४ जुलै १९८३, यांकी स्टेडियम. कॅन्सस सिटी रॉयल्स शेवटच्या डावात ४-३ ने मागे, दोन बाद. रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेटनं होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर; बेसवरचा धावक आणि तो मिळून दोन रन, ५-४. यांकीजचे मॅनेजर बिली मार्टिन शांतपणे मैदानात आले आणि पंचांना म्हणाले, त्याची बॅट तपासा. बॅटला पकडीसाठी पाइन टार लावतात, चीडाच्या लाकडातून निघणारं डांबरासारखं चिकट द्रव्य. नियम होता की ते मुठीच्या टोकापासून अठरा इंचांपर्यंतच लावायचं. पंचांकडे पट्टी नव्हती. पण होम प्लेटची, म्हणजे होमवरच्या पाटीची, रुंदी सतरा इंच असते, सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी बॅट प्लेटवर आडवी ठेवून मोजली. डाग कितीतरी पुढे गेलेला. ब्रेट बाद, सामना संपला, यांकीज जिंकले. ब्रेट बाकावरून उठून पंचांच्या अंगावर धावून गेला, त्याला बाकीच्यांनी आवरलं.

रॉयल्सनी तक्रार केली आणि लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी पंचांचा निर्णय फिरवला. त्यांचं म्हणणं असं की हा नियम आहे तो चेंडू खराब होऊ नयेत म्हणून. चिकट बॅटनं चेंडू काळे पडतात, सारखे बदलावे लागतात. त्यानं चेंडू लांब जातो असं काही नाही. मग होम रन का रद्द करायचा? बॅट खेळातून काढून घ्या, रन राहू द्या. १८ ऑगस्टला दोन्ही संघांना परत बोलावलं, त्या होम रननंतरच्या क्षणापासून सामना पुढे खेळवला, आणि ५-४ वरच तो संपला. ती बॅट आज अमेरिकेतल्या कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात आहे.

मला ही गोष्ट इतकी महत्त्वाची वाटते कारण आपल्याकडे नियम म्हटला की आकडा पाठ करतात आणि तो कशासाठी आला ते कुणी विचारत नाही. आमच्या सामन्यातल्या पालकांनाही मी आकडाच वाचून दाखवला होता. कारण सांगितलं असतं तर कदाचित शांत झाले असते. मामा मात्र प्रत्येक गोष्टीला "ते का?" विचारतात, आणि कारण पटलं की हात आपोआप तसा वळतो.

पुढच्या फेऱ्यांत मी कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू धरणाऱ्याच्या, मास्कचा पट्टा नेला (वीस मिनिटांत झाला, चाळीस रुपये) आणि मग कॅचरचा मिट, म्हणजे त्याचा जाड ग्लोव्ह. मिटच्या बाबतीत मामांनी नाही म्हटलं. "आत काय भरलंय ते उसवल्याबिगर कळनार न्हाई. आनि उसवलं तर परत तसंच बसंल ह्याची खात्री मी देनार न्हाई." हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. कॅचरचा मिट ही नाजूक वस्तू आहेच. त्याचा घेर अडतीस इंचांपेक्षा जास्त चालत नाही, आणि त्यामागेही एक गोष्ट आहे. हॉइट विल्हेल्म नावाचा पिचर नकलबॉल टाकायचा. हवेत न फिरता डगमगत येणारा चेंडू, कॅचरला तो धरवेना. बाल्टिमोर ओरियोल्सचे मॅनेजर पॉल रिचर्ड्स यांनी १९६० मध्ये कॅचरसाठी सुपाएवढा मोठा मिट बनवून घेतला. तेव्हा मिटच्या आकाराला मर्यादाच नव्हती. चेंडू सुटणं कमी झालं, आणि काही वर्षांत अडतीस इंचांचा नियम आला. मामांनी हातानं सुपाचा आकार करून दाखवला आणि विचारलं, "एवढा?" जवळजवळ एवढाच.

एकदा मी आमच्या डावखुऱ्या मुलीला बरोबर नेलं. ती डाव्या हातानं फेकते, म्हणजे तिला उजव्या हातात ग्लोव्ह हवा, आणि आमच्याकडे तसा एकच आहे, तोही जुना. बोलता बोलता पॅट व्हेंडिटचा विषय निघाला. हा पिचर दोन्ही हातांनी चेंडू टाकायचा. त्याचा ग्लोव्ह खास होता: मधे चार बोटं आणि दोन्ही बाजूंना अंगठा, म्हणजे एकूण सहा कप्पे, कुठल्याही हातात बसणारा. २००८ साली खालच्या लीगमध्ये त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी खेळणारा बॅटर आला. पिचरला बॅटरच्या बाजूचाच हात सोयीचा, बॅटरला मात्र उलट बाजू. म्हणून व्हेंडिट ग्लोव्हचा हात बदलायचा, बॅटर बाजू बदलायचा, परत व्हेंडिट बदलायचा. खेळ तिथंच अडला. त्यानंतर नियम झाला की पिचरनं आधी हात दाखवायचा आणि तो बॅटर संपेपर्यंत बदलायचा नाही, दुखापत झाली तरच सूट. एका माणसासाठी झालेला नियम! तो माणूस पुढे २०१५ मध्ये ओकलँडच्या संघाकडून वरच्या लीगमध्ये खेळला. मामांनी खडू घेऊन चामड्याच्या तुकड्यावर तो सहा बोटांचा पंजा काढला, खोडला, परत काढला. आमची मुलगी त्यांच्या शेजारी उकिडवी बसून सांगत होती, आजोबा, अंगठा अजून खाली. बनवून देतो असं ते म्हणाले नाहीत. पण तो तुकडा त्यांनी टाकला नाही, भिंतीच्या खिळ्याला अडकवून ठेवलाय, मी मागच्या आठवड्यात पाहिला.

त्याच दिवशी त्यांनी चेंडूही मागून घेतला. बेसबॉलच्या शिवणीत लाल मेणदोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात, आणि वरच्या लीगचे चेंडू आजही कोस्टारिकात माणसं हातानं शिवतात. मामांनी चष्मा पुसून टाके मोजले. मधे गिऱ्हाईक आलं तर त्याला बसवून ठेवलं. आकडा जुळल्यावर चेंडू दोन्ही तळहातांत धरून म्हणाले, "टाका आत सुरू झालाय, आत संपलाय. गाठ कुठंच दिसत न्हाई. शिवनारा मानूस मोठा हाय."

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. वेळ. चार दिवस सांगितले होते, नऊ लागले. मधे दोनदा जाऊन रिकाम्या हातानं परत आले, आणि फोन तिथं कुणी उचलत नाही. पावसाळ्यात चामडं वाळायला वेळ लागतो हे मान्य, पण तसं आधी सांगावं. माझ्या मुलांना सामन्याला दोन ग्लोव्ह कमी पडले. दुसरं, पक्कं बिल मिळत नाही. साध्या कागदावर रक्कम लिहून मामांचा मुलगा सही करतो, शाळेच्या कार्यालयाला ते चालवून घ्यायला मला बरंच बोलावं लागलं. तिसरं, पहिल्या खेपेची वादी अंगठ्यापाशी जरा जाड पडली होती, ग्लोव्ह पुरता मिटत नव्हता. परत नेला तर बसल्या जागी काढून पातळ घालून दिली, तक्रारीचा एक शब्द न बोलता.

पैसे: पूर्ण ग्लोव्ह ओवायचे अडीचशे, फक्त जाळीचे एकशे वीस. एरंडेलाचा हात फिरवून देतात त्याचे काही घेत नाहीत. टिकाऊपणाबद्दल म्हणाल तर पहिला ग्लोव्ह जाऊन आता दीड हंगाम झाला, रोजचा सराव आहे, आणि वादी अजून मऊ आहे.

तो ग्लोव्ह परत मैदानात कसा आला तेही सांगते. त्या सामन्यात समोरच्या शाळेकडे नऊ खेळाडूंना नऊ ग्लोव्ह नव्हतेच, सहा होते. अशा वेळी डाव बदलला की आमची पोरं आपापला ग्लोव्ह जागेवरच ठेवून यायची आणि समोरची पोरं तोच उचलून घालायची. पूर्वी व्यावसायिक खेळाडूही डाव बदलताना ग्लोव्ह मैदानातच टाकून जायचे, गवतात. चेंडू त्याला आपटून कुठंही जायचा. १९५४ च्या हंगामापासून ते बंद केलं. आमच्या पोरांना आता मी एवढंच सांगितलंय की ठेवायचा नाही, हातात द्यायचा. त्या दिवशी आमच्या शॉर्टस्टॉपनं स्वतःचा ग्लोव्ह काढला, जाळीवरून अंगठा फिरवला आणि समोरच्या मुलाच्या हातात दिला. जाताना त्याला म्हणाला, "काहीपण झालं तरी फेकू नको हं."

दुकान सकाळी दहा ते दीड आणि चार ते आठ, सोमवारी संध्याकाळी बंद. ग्लोव्ह न्याल तेव्हा तुटक्या वाद्या काढून टाकू नका, पिशवीत तशाच न्या. मामा लांबी त्यांच्यावरूनच मोजतात.